सहानंतर थेट आठ

किस्से कोणी ठरवून साठवत नाही. आमच्या कंपनीच्या मागे रिकामे ड्रम साचतात, तसे ते साचतात. रोज एक, फार तर दोन. कोणाचं लक्ष नसतं. मग एक दिवस तिकडून जायला वाटच उरत नाही आणि सगळे एकमेकांना विचारतात, एवढे आले कुठून?

आमच्या बाकड्याचं तसंच झालं आहे. बाकडं म्हणजे बिरवाडीत सुमनकाकूंच्या चहाच्या टपरीबाहेर आहे ते. शाळेमागच्या मैदानात आमच्या फुटबॉल टीमची मॅच झाली की आम्ही पाच जण तिथे जमतो आणि टीम कशी खेळली ते बोलतो. आमच्यातला कोणी खेळत नाही. मी एकदाच खेळलो, त्याबद्दल न बोललेलं बरं. मी नववीत शाळा सोडली. आता एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहे. लिहायची सवय नाही. पण आमचे शकीलभाई एकदा म्हणाले, "मंगेश, तू बोलत तर नायसच. निदान लिही तरी!" म्हणून लिहितो.

*

आमच्याकडे गावोगाव क्रिकेट आणि कबड्डी. फुटबॉल आणला तो कोल्हापूरहून आलेल्या एका फिटरने. त्याने पोरं जमवली, शिकवलं, स्वतःच्या हाताने गोलपोस्ट वेल्डिंग करून दिले. पुढे नोकरी सोडून तो परत गेला, पण जाताना एक नियम ठेवून गेला.

"हरल्यावर पोरांना एक शब्द बोलायचा नाही. ती तेव्हा ऐकत नसतात. चुका काढायच्या त्या जिंकल्यावर. जिंकल्यावर कान उघडे असतात."

हा नियम आम्ही देवाच्या नियमासारखा पाळतो. टीम हरली की आम्ही पोरांना वडापाव खायला घालतो आणि हवापाण्याच्या गप्पा मारतो. जिंकली की कोणाला सोडत नाही.

एकदा महाडच्या टीमला आम्ही तीन-शून्य हरवलं. मग बाकड्यावर नेहमीसारखं सुरू झालं. कोण पळत नाही, कोणाला पास देता येत नाही, कोणाच्या पायात जीवच नाही. शेजारी एक टेम्पोवाला चहा पीत होता. त्याने अर्धा तास सगळं ऐकलं. उठताना आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या, म्हणजे गणपततात्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ द्या काका. हार-जीत चालायचीच. कितीने हरलात?"

तात्या भडकले. "हरलो? तीन गोलांनी जिंकलोय!"

टेम्पोवाला गुपचूप गाडीत बसला. गाडी चालू केली. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "मग हरल्यावर मारता की काय पोरांना?"

*

आमच्यात कामाची वाटणी आहे. जर्सीच्या नंबराप्रमाणे एकेक प्लेअर घ्यायचा, एकपासून अकरापर्यंत, आणि ज्याचे नंबर त्यानेच बोलायचं. मध्ये तोंड घालायचं नाही.

एक ते चार शकीलभाईंचे. म्हणजे गोलकीपर आणि त्याच्या पुढचे तिघे. शकीलभाईंचं चिकनचं दुकान आहे. पाच आणि सहा सुमनकाकूंचे. सात आणि आठ गणपततात्यांचे. तात्यांचं रस्त्याच्या कडेला पंक्चरचं दुकान आहे. नऊ आणि दहा वसंतकाकांचे. ते एका कंपनीत बॉयलरवर आहेत. मूळचे पोलादपूरकडचे, वर कुडपणचे, पण पंधरा वर्षं बिरवाडीत भाड्याच्या खोलीत राहतात. अकरा नंबर माझा. माझी पाळी येईपर्यंत सगळ्यांचा चहा संपलेला असतो. मी "चांगला खेळला" म्हणतो आणि सगळे उठतात.

एका मॅचमध्ये समोरची टीम इतकी कच्ची होती की आमच्या गोलकीपरच्या हाताला नव्वद मिनिटांत बॉल लागलाच नाही. आम्ही म्हटलं, आज शकीलभाई फसले. ह्याची काय चूक काढणार?

शकीलभाईंनी दाढी खाजवली. थोडा विचार केला.

"उभा कसा होता बघितलंत?" ते म्हणाले. "कमरेवर हात ठेवून, एका पायावर! गोलकीपर होता का पोलादपूरच्या एसटीची वाट बघत होता?"

*

सुमनकाकूंनी आजपर्यंत एकही मॅच बघितलेली नाही. टपरी सोडून जाणार कशा? पण पाच आणि सहा नंबर त्यांनी भांडून घेतले आहेत.

"मी बघत नाय, पण मला ऐकू येतंय ना!" असं त्यांचं म्हणणं.

आम्हाला वाटायचं, काकू काहीतरी ठोकून देतात. मग एका रविवारी त्या म्हणाल्या, "दुसऱ्या हाफमध्ये डाव्या बाजूने कोण पुढे गेलंच नाय. झोपला होता का तुमचा सहा नंबर?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. अगदी खरं होतं!

"काकू, तुम्हाला कसं कळलं?"

"डाव्या बाजूला चिंचेवर पोरं बसतात. अर्धा तास एक पोरगं ओरडलं नाय. बॉल तिकडे गेला असता तर गप्प बसली असती का ती?"

*

आता सात नंबरचं सांगतो.

सात नंबर म्हणजे रोहन. वसंतकाकांचा मुलगा. उजव्या बाजूने खेळायचा. शाळेत माझ्या वर्गात होता. मी नववीत शाळा सोडली, त्याने बारावी केली आणि काकांच्याच कंपनीत चिकटला. पळायला लागला की बघत राहावं असा. पण क्रॉस मारला की बॉल कुठे जाईल ते त्यालाही माहीत नसायचं. शाळेच्या पत्र्यावर किती वेळा गेला त्याला गणती नाही.

तात्यांनी त्याला चार वर्षं सोलला. एका मॅचमध्ये रोहनने एकट्याने तीन गोल मारले. त्या दिवशी तात्या पंधरा मिनिटं त्याच्या एका क्रॉसवर बोलत होते! रोहन समोरच्या कठड्यावर बसून वडापाव खात होता. शेवटी तो म्हणाला, "तात्या, तीन गोल पण मीच मारले ना?"

"नाय कोण म्हणतं?" तात्या म्हणाले. "गोल सगळ्या गावाने बघितले. ते मी कशाला सांगू? जे मी एकट्याने बघितलं ते सांगतोय."

सगळे हसले. रोहन सगळ्यात जास्त हसला.

वसंतकाका तेव्हा बाकड्यावरच होते. ते नेहमी असायचे. पण स्वतःच्या पोराला एवढं बोलतात म्हणून त्यांनी कधी एका शब्दाने त्याची बाजू घेतली नाही. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरायचे आणि खाली बघत ऐकायचे. मला आधी वाटायचं, त्यांना वाईट वाटत असेल. मग एकदा मी नीट बघितलं. ते हसू दाबत होते.

*

रोहन मागच्या पावसाळ्यात गेला. आईला भेटून कुडपणहून खाली येत होता. वळणावर बाईक घसरली. त्याबद्दल ह्यापेक्षा जास्त मला लिहिता येणार नाही.

टीमने सात नंबरची जर्सी त्याच्या अंगावर घातली आणि ती त्याच्याबरोबरच गेली.

बाराव्याला तात्या, शकीलभाई आणि मी जीपने कुडपणला गेलो. अंगणात माणसं बसली होती. वसंतकाका भिंतीला टेकून होते. गावातल्या एका म्हाताऱ्याने तात्यांना विचारलं, "तुम्ही त्याचा खेळ बघायचात म्हणे. कसा खेळायचा पोरगा?"

तात्यांनी घसा साफ केला. म्हणाले, "एक नंबर! असा प्लेअर पुन्हा होणार नाय. चूक काढायला जागाच नव्हती."

वसंतकाकांनी मान वर केली. तात्यांकडे असं बघितलं, जणू कोणी परका माणूस त्यांच्या अंगणात येऊन बसला आहे.

परत येताना तात्या जीपमध्ये पोलादपूर आल्यावर म्हणाले, "माझं काय चुकलं रे शकील? मी तर चांगलंच बोललो."

"काय चुकलं नाय," शकीलभाई म्हणाले. "चार वर्षांत पहिल्यांदा तुम्ही त्याच्याबद्दल खोटं बोललात, एवढंच."

*

मॅचनंतरच्या आमच्या बसण्याला आम्ही आधी पोस्टमार्टेम म्हणायचो. "चला, पोस्टमार्टेमला!" असं मैदानातूनच ओरडायचो. पावसाळ्यानंतर तो शब्द बंद झाला. कोणी ठरवलं नाही. आता फक्त "बसायचं का?" म्हणतो.

तसंच नंबराचं झालं. रोहनच्या जागी ओंकार नावाचा पोरगा आला. सात नंबरची जर्सीच नव्हती, म्हणून तो बारा घालतो. बाकड्यावर सुमनकाकू सहा नंबरचं बोलून झाल्या की तात्या थेट आठवर जायला लागले. तेही कोणी ठरवलं नाही. ओंकारचं काय ते शेवटी, माझ्या अकरानंतर, उठता उठता.

दिवाळीनंतर वसंतकाका पुन्हा बाकड्यावर यायला लागले. आम्हाला बरं वाटलं. पण त्यांच्यासमोर कसं बोलायचं ते कोणाला कळेना. शकीलभाईंनी एकदा "उजव्या बाजूने" असं म्हटलं आणि पुढचं वाक्यच गिळलं. सुमनकाकू भजी मोजून कागदात घालत होत्या. "पाच, सहा..." म्हणाल्या, काकांकडे बघितलं, आणि मग उरलेली सगळी एकदम ओतून दिली! गिऱ्हाईक खूश होऊन गेलं.

माझं तर ह्याहून वाईट. काकांनी मला सहज विचारलं, "मंगेश, उद्या शिफ्ट कितीची रे?"

मी म्हटलं, "सकाळी... सहाच्या नंतर, काका."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे सात ना रे?"

*

त्या दिवशी उठल्यावर काका माझ्याबरोबर खोलीपर्यंत चालत आले. आमच्या खोल्या एकाच आळीत आहेत. गिरणीपाशी ते थांबले.

"तुम्ही लोक माझ्यासमोर त्याचं नाव का घेत नाय रे?"

मी चपलेने खडा सरकवत राहिलो.

"घरी तर कोण घेतच नाय," काका म्हणाले. "कुडपणला गेलो, नुसतं रोहन म्हटलं, तर त्याची आई ताटावरून उठते. मग मी पण म्हणायचं सोडलं. वाटलं, बाकड्यावर तरी कोण घेईल. म्हणून येतो. तुम्ही सहानंतर आठ म्हणता ना, तेव्हा वाटतं, पोरगं नव्हतंच की काय मला."

थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "महिनाअखेरीला खोली सोडतोय. कंपनीत सांगितलंय. इथे तरी राहून काय करू?"

हे मी बाकीच्यांना सांगायला पाहिजे होतं. मला माहीत आहे. तात्यांच्या दुकानावर दोनदा गेलो. एकदा पंक्चर नसताना चाकात हवा भरून आलो. शकीलभाईंकडे गेलो तर अर्धा किलो चिकन घेऊन परत आलो. असली गोष्ट बोलायची तर सुरुवात कुठून करायची, ते मला कळत नाही. मग ठरवलं की कोणाला सांगायचं नाही. पुढच्या मॅचनंतर बाकड्यावर आपणच त्याचं नाव घ्यायचं. वाक्यही ठरवलं. "रोहन असता तर अजून एक गोल झाला असता." पॅकिंगला उभा राहून खोक्यांना चिकटपट्टी लावता लावता आठवडाभर तेच वाक्य मनात म्हणत होतो. बाजूच्या माणसाने विचारलंसुद्धा, "काय रे, जप करतोस का?"

*

आणि मग ती मॅच झाली. पोलादपूरच्या टीमबरोबर. महिन्यातला शेवटचा रविवार. शनिवारीच काकांच्या दारात दोन पेट्या बांधून ठेवलेल्या मी बघितल्या होत्या.

आम्ही पाच-शून्य जिंकलो! एवढं मोठं आम्ही कधीच जिंकलो नव्हतो. हाफ टाइमला तीन झाले होते. ओंकारने दोन मारले. चिंचेवरची पोरं शेवटी खालीच उतरली आणि मैदानात नाचायला लागली. वसंतकाका पाचही गोलांना टाळ्या वाजवत होते. सगळ्यांबरोबर उभे राहायचे, सगळ्यांबरोबर खाली बसायचे.

बाकड्यावर आलो तेव्हा सगळ्यांचे आवाज बसले होते. सुमनकाकूंनी न सांगता चहा ठेवला. तात्या एवढे खुशीत होते की बाकड्यावर मांडी घालून बसले. काका त्यांच्या शेजारी, मी समोर दगडावर.

शकीलभाईंनी सुरुवात केली. "गोलकीपर. दोन वेळा बॉल हातात आला. दोन्ही वेळा छातीशी धरून बसला. अरे, फेक ना पुढे! आईने सांभाळायला दिलेलं बाळ हाय का ते?"

दोन नंबर उशिरा आला. तीन नंबरने रेफ्रीशी वाद घातला, आणि तोही जिंकत असताना! चार नंबरच्या बुटाची नाडी तीनदा सुटली. "नाडी बांधता येत नाय त्याला आपण मागे उभा करतो," शकीलभाई म्हणाले.

सुमनकाकू गाळणी हातात घेऊन पुढे आल्या. "पाच नंबरचा आज आवाजच नव्हता. मागून ओरडणारा एक तरी नको? आणि सहा नंबर नुसता ओरडत होता. सहाचं तोंड काढून पाचाला लावा!"

सगळे हसले. काकाही हसले. मी तळहात पँटला पुसले. आता काकू थांबल्या की तात्या आठ म्हणायच्या आधी बोलायचं. माझं वाक्य जिभेवर आलं होतं. मी श्वास घेतला. तोंड उघडलं.

पण तात्या आधीच सुरू झाले होते.

"सात नंबर," तात्या म्हणाले. ते कोणाकडे बघत नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर अजून मॅचच चालू होती. "चार वर्षं सांगतोय, बॉल मारताना मान खाली ठेव. मान खाली! ऐकेल तर शपथ. तो सेकंड हाफमधला क्रॉस बघितलात? अख्खा गोल मोकळा होता, आणि ह्या रोहनने बॉल घातला कुठे? तिकडे! शाळेच्या पत्र्यावर!"

तिकडे म्हणताना त्यांनी शाळेच्या दिशेने हात केला. आणि तो हात तसाच वर राहिला.

तो क्रॉस ओंकारचा होता.

सुमनकाकूंच्या गाळणीतून चहा ठिबकत होता, तो त्यांच्या पायावर पडत होता, त्यांना कळत नव्हतं. शकीलभाईंनी डोळे मिटून घेतले. तात्यांचं तोंड उघडंच होतं. मला वाटलं, आता हा म्हातारा माणूस आमच्यासमोर रडणार.

वसंतकाकांनी ग्लासातला शेवटचा घोट घेतला. ग्लास बाकड्याच्या कडेला नीट ठेवला.

"बूट चावत होते त्याला," ते म्हणाले. "नवे होते. टाचेला हा एवढा फोड आलेला."

तात्यांनी हात हळूहळू खाली घेतला. काकांकडे बघितलं. मग एकदा नाक ओढलं आणि आपल्या नेहमीच्या, अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मग मॅचला नवे बूट घालायचे कशाला? जुने काय झाले होते?"

"मी पण तेच म्हटलं त्याला," काका म्हणाले. "ऐकतो कुठे!"